बाळंत्यातली खूण

(कामतघर, भिवंडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



नाताळच्या चालीरीती, गाणी आणि सजावट यांचा ख्रिस्ती अर्थ काय, यावर बोला, असं संयोजकांनी सुचवलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. विषय वरवर सणासुदीचा दिसतो, पण माझ्या श्रद्धेचा गाभाच त्यात आहे. आणि भिवंडीत येऊन त्यावर बोलायला एक खास कारणही आहे, कापड. तिथूनच सुरुवात करतो.

लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. रात्रीची वेळ, रानात मेंढरं राखत बसलेले मेंढपाळ. देवदूत त्यांना सांगतो, तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. आता गावात जाऊन त्याला ओळखायचं कसं? देवदूत खूण सांगतो. बाळ बाळंत्यात गुंडाळलेलं असेल आणि गव्हाणीत निजवलेलं असेल. एवढंच. तारा नाही, प्रभावळ नाही. तारा मत्तयच्या शुभवर्तमानात आहे आणि तो पूर्वेकडच्या ज्योतिषांसाठी आहे. मेंढपाळांच्या वाट्याला आलं ते कापड आणि गुरांच्या चाऱ्याची जागा. लूकला ही गोष्ट इतकी महत्त्वाची वाटते की तो ती दोनदा सांगतो. एकदा जन्माच्या वेळी आणि पुन्हा देवदूताच्या तोंडून. पुढे तेविसाव्या अध्यायात येशूला वधस्तंभावरून खाली उतरवतात, तेव्हाही त्याला तागाच्या वस्त्रात गुंडाळून खडकात खोदलेल्या कबरेत ठेवतात. पौर्वात्य ख्रिस्ती चित्रकारांनी हा धागा अचूक पकडला. त्यांच्या ख्रिस्तजन्माच्या चित्रांत गव्हाण दगडी कबरेसारखी दिसते आणि बाळंतं कफनासारखं. जन्माच्या चित्रातच मरण रंगवलेलं असतं.

तुम्ही कापडाच्या गावची माणसं. मागावरून उतरलेला ग्रे कापडाचा ताका कसा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ना धुलाई, ना रंग, ना छपाई. त्या कापडाने कुणी घर सजवत नाही. आणि सुवार्ता सांगते की देवाने आपल्या येण्याची खूण म्हणून जे निवडलं ते असलंच काहीतरी, घरोघरी असणारं, बाळाच्या अंगाभोवती गुंडाळायचं साधं फडकं. नाताळच्या गोठ्यात आपण दिव्यांच्या माळा सोडतो, चमकीचे कागद चिकटवतो, तारे टांगतो. ते सगळं असू द्या. पण माझं म्हणणं असं की यातली प्रत्येक गोष्ट ख्रिस्ती ठरते ती आपल्याला त्या कापडापाशी आणि त्या गव्हाणीपाशी नेते म्हणून. ती कुठून आली, कुणाकडून आली, हा प्रश्न दुय्यम आहे.

पण वाद नेमका त्याच प्रश्नावर होतो, आणि दोन्ही बाजूंनी होतो.

काही श्रद्धाळू ख्रिस्ती बांधव म्हणतात, हे बायबलमध्ये कुठे आहे? त्यांचं बरोबर आहे. 25 डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात नाही. रोमच्या मंडळीत त्या दिवशी हा सण पाळला जाऊ लागला तो चौथ्या शतकात. ते पूर्वेकडचे ज्योतिषी तीन होते असं मत्तय म्हणत नाही, तीन आहेत त्या भेटी : सोनं, ऊद आणि गंधरस. ते राजे होते असंही तो म्हणत नाही. गोठ्यातले बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीतच. मग ते आले कुठून? यशया संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायातून. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, माझे लोक मात्र ओळखत नाहीत, अशी देवाची तक्रार तिथे आहे. ज्याने कुणी पहिल्यांदा ही दोन जनावरं बाळाशेजारी उभी केली, त्याने यशया मन लावून वाचला होता. तो देखावा पाहणाऱ्याला विचारतो, जनावरांनी ओळखलं, तुझं काय? सन 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी असिसीच्या फ्रान्सिसने गव्हाणीत गवत भरलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं आणि त्या गव्हाणीवर मिस्सा साजरी झाली. देवाच्या मुलाने सोसलेली गैरसोय डोळ्यांनी पाहायची, ही त्यामागची ओढ. आपल्याकडच्या प्रत्येक गोठ्याचं मूळ त्या रात्रीत आहे. तो ग्रंथात लिहिलेला नसेल, पण ग्रंथ वाचूनच झालेला आहे.

दुसरी तक्रार बाहेरून येते, पण अलीकडे आमच्या तरुणांच्या तोंडीही ऐकू येते : नाताळ हा परका सण, गोऱ्या लोकांनी आणलेला. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

ख्रिस्तजन्माची कथा मराठीत ओवीबद्ध झाली ती चारशे वर्षांपूर्वी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला येशुसंघी धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1619 मध्ये वारला. गोव्यातल्या साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्यांच्या जागी कानावर पडेल असं काही नव्हतं. म्हणून त्याने पुराणच लिहिलं. 1616 मध्ये रायतूरला छापलेल्या त्या 'क्रिस्तपुराणा'त दहा हजारांवर ओव्या आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. लिपी रोमन, कारण तिथे देवनागरीचे ठसे नव्हते, पण छंद ज्ञानेश्वरांच्या घरचा. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये ते वाचलं जाई. पुढे गोव्यातून मंगळूरच्या किनाऱ्याकडे गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती सोबत नेल्या, पिढ्यानपिढ्या जपल्या, आणि तिथेच 1907 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. घर सोडून जाताना माणसं काय बरोबर घेतात, यावरून त्यांचं काय होतं ते कळतं. ही माणसं ओव्या घेऊन गेली.

आता अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे या. तिथे आलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. त्या परंपरेत नाताळचं कौतुक तर सोडाच, मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 या काळात नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तिथे नाताळची कायदेशीर सुट्टी सुरू झाली ती 1856 मध्ये. आणि या लोकांचं पहिलं पाऊल मुंबईत पडलं 1813 मध्ये. म्हणजे ज्यांनी सुवार्ता आणली त्यांच्या गाठोड्यात नाताळचा थाट फारसा नव्हताच. आमच्या आज्या-पणज्यांनी डिसेंबरात करंज्या तळल्या, चकल्या पाडल्या, अनारसे-शंकरपाळे केले, दारात रांगोळी काढली. हे त्यांना कुणा मिशनरी मडमेने शिकवलेलं नव्हतं. सणाला काय करतात हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. सण कुणाचा, एवढं बदललं होतं. वसईकडे आणि ठाण्याच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरांत नेवऱ्या आणि कलकल, गोव्यात दोदोल आणि बेबिंका. ताटं रुमालाने झाकून शेजारी जातात, आणि शेजारी बहुधा दुसऱ्या धर्माचे असतात. देवदूताने आनंदाची बातमी सर्व लोकांसाठी सांगितली होती, तिचं यापेक्षा सरळ पालन मला तरी माहीत नाही.

ताटाचं तेच गाण्याचं. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकाराम त्यांना ख्रिस्तापर्यंत पोचवणारा सेतू वाटे. आमच्या उपासनेत त्यांच्या आधीही कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी कीर्तन आणलं होतं, पण टिळकांनी मराठी मंडळीच्या तोंडी अशी भजनं दिली की ती परभाषेतून उसनी घेतली आहेत असं कुणाला वाटलंच नाही. ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायला त्यांनी घेतलं, 'ख्रिस्तायन'. दहाएक अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचलेल्यांना माहीत आहे की या बाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, आणि नवऱ्याचा धर्म स्वीकारायच्या आधी त्यांनी किती वर्षं स्वतःशी झगडा केला. त्या झगड्यातून निघालेल्या बाईने ख्रिस्ताची कथा पुरी करावी, ही मराठी ख्रिस्ती इतिहासातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट आहे.

स्टीफन्सची ओवी, टिळकांचं भजन आणि आजीची करंजी यांना मी एकाच रांगेत बसवतो, याचं कारण धर्मशास्त्रातच आहे. नाताळ म्हणजे देहधारणेचा सण. देव माणूस झाला, म्हणजे ढोबळ मानाने माणूस झाला असं नाही. एका विशिष्ट गावी, एका विशिष्ट आईच्या पोटी आला. त्याच्या जिभेवर गालीलची बोली होती, त्याच्या पोटात तिथली भाकर गेली. हे ज्याला पटलं त्याला मराठी नाताळ ही सवलत म्हणून मागावी लागत नाही. देहधारणा मानली की ती ओघाने येतेच. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं, 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या मराठीकडे पाहताना मला हीच वाट पुढे चाललेली दिसते.

आता गोठ्याकडे जरा जवळून पाहू. वसईपासून गोव्यापर्यंत पुष्कळ कॅथलिक घरांत गोठा मांडायच्या आठ-दहा दिवस आधी पसरट थाळीत किंवा करवंटीत माती घेऊन नाचणी किंवा गहू पेरतात. दाणे रात्रभर भिजवलेले असतात. वर मातीचा पातळ थर, रोज हाताने शिंपडलेलं पाणी, पहिले काही दिवस थाळी अंधाऱ्या कोपऱ्यात. पांढुरके कोंब वर येतात, मग थाळी उजेडात आणली की दोन दिवसांत हिरवी होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती हिरवळ गोठ्याभोवती शेत म्हणून ठेवली जाते. भाताची पेंढी छपराला, शाडूची किंवा प्लास्टरची मेंढरं त्या हिरवळीत. मुलांना यात सर्वांत रस कशाचा असतो, तर रोज सकाळी उठून कोंब किती वाढला ते पाहण्याचा. आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचे आठवडे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगून जितकं कळत नाही तितकं त्या थाळीपाशी कळतं.

इथे बसलेल्या बऱ्याच जणींना घटस्थापना आठवली असेल. नवरात्रात आपण परडीत माती घालून धान पेरतो, तेच हे. आमच्यापैकी काहींना या साम्याची धास्ती वाटते. मला वाटत नाही. दाणा तोच, माती तीच, पेरणारे हात त्याच मातीतले. पण गोठ्याशी आला की तो दाणा योहानाच्या बाराव्या अध्यायातलं बोलू लागतो. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो, असं येशू तिथे स्वतःच्या मरणाविषयी सांगतो. बेथलेहेमच्या बाळाभोवती आपण नकळत त्याचा वधस्तंभ पेरलेला असतो. ज्या घरी नाचणी पेरतात त्या घरच्या आईने मुलांना एवढं सांगावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एरवी प्लास्टिकच्या हिरवळीचा गालिचा बाजारात मिळतोच, आणि तो हळूहळू करवंटीची जागा घेतो आहे, याचं मला खरंखुरं दुःख होतं.

वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात गेली की तिचं काम बदलतं. तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. वज्रेश्वरीचं देऊळ मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर नवस फेडण्यासाठी बांधलं, 1739 च्या मोहिमेनंतर. त्याच मोहिमेत वसईकडच्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा 1721 सालची. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, शंकराच्या देवळापाशी अशीच एक घंटा आहे, 1707 सालची, आणि तिच्यावर मरिया आणि बाळ येशू यांची आकृती आहे. तिथला भाविक ती शंकरासाठी वाजवतो, आणि त्याच्या भक्तीत त्यामुळे काही उणं येत नाही. मी तिच्यासमोर उभा राहतो तेव्हा मला आईच्या कडेवरचं ते मूल दिसतं. घंटा एकच.

झाडाचंही तसंच. ते जर्मन घरांतून जगभर गेलं. कोकणपट्टीत आपण सुरूची फांदी आणतो. सुरू आणा, कण्हेर आणा, त्याखाली काय मांडता ते मी पाहीन. सांताक्लॉजबद्दल एवढंच सांगतो की त्याच्या मागे चौथ्या शतकातला मिराचा बिशप निकोलस आहे, आणि त्याची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका हुंड्याअभावी लग्न अडलेल्या तीन मुलींच्या घरात रात्री गुपचूप सोनं टाकण्याची आहे. आपल्या महाराष्ट्रात ती गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. लाल टोपीपेक्षा पुष्कळ जास्त.

गाण्यांकडे वळतो. जगभर गायलं जाणारं 'सायलेंट नाइट' हे गीत 24 डिसेंबर 1818 रोजी ऑस्ट्रियात, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ या गावी पहिल्यांदा म्हटलं गेलं. शब्द तिथल्या तरुण धर्मगुरूचे, योसेफ मोर यांचे; चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची; साथीला गिटार. एका गावच्या मंडळीसाठी, त्यांच्याच भाषेत, हाताशी असलेल्या वाद्यावर केलेलं ते गाणं. आमच्याकडे नगर, पुणे, नाशिकच्या वस्त्यांत डिसेंबरच्या थंडीत तरुणांची टोळी पेटी-ढोलकी घेऊन घरोघर फिरते, तेव्हा ती ओबर्नडॉर्फच्याच वाटेने जात असते, मग तिने ते गाणं म्हटलं नाही तरी. भाषांतरित कॅरल्स मीही आवडीने म्हणतो. पण इंग्रजी गाण्यात आघातावर चाल उभी असते आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घावर. परक्या चालीत मराठी शब्द कोंबले की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ गिळलं जातं आणि म्हणणाऱ्याला अर्थापेक्षा सुराची काळजी पडते. नाताळच्या कार्यक्रमात शेवटचं एखादं गाणं 'आपलं' म्हणून मराठीत घेण्याची जी पद्धत पडली आहे, ती उलटी व्हायला हवी. पहिलं गाणं अभंगाच्या चालीवर होऊ द्या, मग बाकीची.

एक बाजू मात्र आपल्या गाण्यांत आणि सजावटीत जवळजवळ येतच नाही, आणि ती इथे मांडल्याशिवाय मला बसता येणार नाही. मत्तयच्या कथेत तारा पाहून निघालेले ज्योतिषी आधी हेरोद राजाच्या दारात जातात. त्यातून पुढे बेथलेहेमच्या मुलांची कत्तल होते. ख्रिस्ती मंडळी 28 डिसेंबरला त्या निरपराध बालकांची आठवण करते, म्हणजे सणाच्या चौथ्याच दिवशी, घरातला फराळ संपायच्या आत. आणि योसेफ रातोरात आई-बाळाला घेऊन परदेशात, मिसरात पळून जातो. लूककडे पाहिलं तर तिथेही प्रवासच आहे. सरकारी नोंदणीसाठी दिवस भरलेल्या बाईला घेऊन नासरेथहून बेथलेहेमला जावं लागतं आणि उतरायला जागा मिळत नाही. जन्माआधी एक वणवण, जन्मानंतर दुसरी.

भिवंडीला हे समजावून सांगावं लागू नये. हे शहर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या हातांनी विणलेलं आहे. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीच्या काळात, इथून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. ज्यांना गाडी मिळाली नाही ते नाशिक महामार्गाने चालत निघाले. त्यांच्या डोक्यावर बोचकी होती, कडेवर फडक्यात गुंडाळलेली लेकरं होती. मेंढपाळांना सांगितलेली खूण त्या रस्त्यावर होती, आणि आपण ती टीव्हीवर पाहत होतो. ख्रिस्ती माणूस म्हणून मला त्या चित्राखेरीज आता गोठा मांडता येत नाही.

म्हणून इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना आणि ज्यांना हौस आहे अशा कुणालाही मी दोन गोष्टी सुचवतो. बहुतेक घरांत 6 जानेवारीनंतर गोठा आवरतात. यंदा आवरण्याआधी एक आठवडा मूर्तींची जागा बदला. ज्योतिषी परतीच्या वाटेला लावा, गव्हाण रिकामी ठेवा, आणि मरिया, योसेफ, बाळ यांना गोठ्याबाहेर, दाराच्या दिशेने काढा. योसेफाच्या खांद्यावर एक बोचकं द्या. कामतघरात कापडाचा तुकडा कुणाला मागायला लागणार नाही. लहान मुलं विचारतील, हे कुठे चाललेत? तेव्हा त्यांना मत्तयचा दुसरा अध्याय सगळा सांगा, हेरोदासकट.

दुसरं मागणं इथल्या लिहिणाऱ्यांकडे. मिसरात निघालेल्या त्या तिघांवर मराठीत म्हणण्याजोगं गाणं मला हवं आहे. ओवी चालेल, अभंग चालेल, आगरी बोलीतलं असेल तर फारच उत्तम. लिहिणारा ख्रिस्तीच असला पाहिजे, अशी अट मी घालत नाही. ज्याने किंवा जिने गाव सोडून निघण्याचा अनुभव घेतला आहे त्यांच्या शब्दांना इथे जास्त मान. चाल मात्र ढोलकीवर बसेल अशी असू द्या, कारण आमची टोळी पेटी आणि ढोलकी एवढंच घेऊन निघते. गाणं तयार झालं की संयोजकांकडे द्या, ते माझ्यापर्यंत पोचवतील. पुढच्या डिसेंबरात आम्ही ते दारोदार म्हणू, आणि पहिल्या रात्री कामतघरलाच येऊ.